नळी फुंकली सोनारे

शूटिंग शिकायला येणारा मराठी माणूस दारातच एक वाक्य बोलतो, "जत्रेत फुगे फोडलेत मी." सूर असा, की मधली सगळी वर्षं वगळून त्याला थेट राष्ट्रीय संघात घ्यावं. मी मान डोलावते आणि मनातल्या मनात त्याच्या नावापुढे लाल फुली मारते. ज्याने आयुष्यात बंदूक पाहिलेलीच नाही त्याला शिकवणं सोपं असतं. जत्रेतून आलेल्याला आधी विसरायला शिकवावं लागतं.

तो स्टॉल आठवून बघा. पडद्यावर ओळीने लावलेले फुगे, पुढे बांबूचा आडवा कठडा, बाजूला पाळण्याचा कर्कश आवाज. फुगेवाला बंदूक मधोमध मोडतो, छर्रा घालतो, खाटकन मिटवतो आणि तुमच्या हातात देतो. देताना नळी आधी तुमच्या पोटावरून, मग शेजारच्या बाईंच्या भेळेवरून आणि शेवटी कुणाच्या तरी खांद्यावर बसलेल्या पोराच्या टोपीवरून फिरत फुग्यांकडे पोचते. कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. तुम्ही लाल फुगा धरता, पिवळा फुटतो. "मी पिवळाच धरला होता" या वाक्याचा जन्म तिथलाच. मग तुम्ही बंदुकीसकट गर्रकन मागे वळता आणि नळी समस्त सासरच्या मंडळींवर रोखून विचारता, "बघितलंत का?"

माझा सगळा रविवार या वळण्यावर खर्च होतो.

आमचा क्लब एका मंगल कार्यालयाच्या तळघरात आहे. कार्यालयाच्या मालकांना भाडं हवं होतं आणि आम्हाला मध्ये खांब नसलेली लांब खोली. सात लेन, दहा मीटर अंतर, शेवटी छर्रे झेलणारे लोखंडी डबे आणि डोक्यावर लग्न. मुहूर्ताच्या दिवसांत वर अंतरपाट दूर झाला की बँड असा काही कडाडतो, की खाली नेम धरून उभ्या असलेल्या सगळ्या नवशिक्यांचे चाप एकदम ओढले जातात. अकरानंतर मसालेभाताचा वास जिन्यावरून उतरतो. आमच्या इथे रेंजवर खायला सक्त मनाई आहे. छर्रे शिशाचे असतात, शिसं बोटांना लागतं, बोटं तोंडात जातात. म्हणून काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी पेढ्यालाही हात लावायचा नाही. हा नियम जगातल्या सगळ्या रेंजवर आहे. मसालेभाताच्या वासात तो पाळावा लागणारी रेंज बहुधा आमचीच.

आमच्या क्लबातली आजवरची सगळ्यात मोठी दुखापतही वरच्या मजल्याचीच देणगी. एक गृहस्थ जिन्यात सांडलेल्या अक्षतांवरून घसरले आणि मनगट दुखावून घेतलं. अपघातांच्या वहीत एवढी एकच नोंद आहे, आणि कारणाच्या रकान्यात 'तांदूळ' असं लिहिलेलं आहे.

रविवार सकाळची नवख्यांची तुकडी माझ्याकडे असते. कॉलेजात एनसीसीत पहिल्यांदा रायफल हातात घेतली, पुढे बँकेची नोकरी सांभाळून जमेल तेवढं खेळले, आता शिकवते. नवखा माणूस फुग्यांचं वाक्य संपवून माझ्याकडे बघतो आणि दुसरं वाक्य बोलतो, "सर कुठे आहेत?"

अशा वेळी मी शांतपणे यादी सांगते. अंजली भागवत, एनसीसीतूनच आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचल्या. सुमा शिरूर, २००४ ला अथेन्समध्ये अंतिम फेरीत. दीपाली देशपांडे त्याच ऑलिंपिकला खेळल्या आणि पुढे प्रशिक्षक झाल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती. कोल्हापूरचीच राही सरनोबत, २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलात सुवर्ण. समोरचे गृहस्थ सगळं ऐकून घेतात, "हो हो, वाचलंय," म्हणतात, आणि मग थोडं पुढे झुकून विचारतात, "पण सर येतील ना?"

(कोल्हापूर एवढं पुढे का, हा प्रश्न पुण्यात फार आवडीने चर्चिला जातो. पाणी, मटण, तांबडी माती असे बरेच सिद्धान्त आहेत. तिथली पोरं पहाटे उठून रेंजवर जातात, हा सिद्धान्त मात्र पुण्यात फारसा कुणी मांडत नाही.)

२०२४ च्या ऑगस्टनंतर तर आमच्याकडे रांगच लागली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून कांस्यपदक घेऊन आला. या थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून अशा तिन्ही तऱ्हांनी नेम धरावा लागतो. हा मुलगा रेल्वेत टीसी होता हे वाचून पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्या अर्ध्या प्रवाशांना मागाहून घाम फुटला असेल. आपण इतकी वर्षं कुणाच्या नजरेतून निसटायला बघत होतो!

त्याच महिन्यात तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचचा फोटो घरोघर पोचला. साधा टी-शर्ट, साधा चश्मा, डावा हात खिशात, आणि मिश्र सांघिक पिस्तुलात रौप्य. तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक पन्नाशीचा गृहस्थ आधी खिसा चाचपतो. त्यांना मी सांगत नाही की खिशात हात घालणं ही डिकेचची स्टाइल वगैरे काही नाही. पिस्तूल एकाच हातात धरायचं असा नियम आहे. दुसरा हात मोकळा लोंबत राहिला तर खांदा हलतो, म्हणून तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात. पिस्तूल नेमबाज हे कधीपासून करत आलेत. पण पन्नाशीत माणसाला इतक्या स्वस्तात कुणाशी तरी साम्य मिळत असेल, तर आपण का आडवं यावं?

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी याच लाटेत आले. माणूस सज्जन, पण हातवारे केल्याशिवाय त्यांना स्वतःचं नावही सांगता येत नाही. मी त्यांचा डावा हात खिशात घालायला लावला तेव्हा वाटलं, चला, निम्मं बोलणं तरी बंद झालं. झालं उलटंच. दोन्ही हातांचं काम उजव्यावर आलं आणि उजव्यात पिस्तूल होतं. दोन शॉट त्यांनी समोर नीट मारले. तिसऱ्याच्या आधी त्यांना टाकी आठवली.

"वहिनी, वरच्या टाकीचं सांगायचं राहिलंच," असं म्हणत ते वळले. पिस्तुलाने त्यांनी छतावर टाकी दाखवली. मग तिथून पाइप खाली आणला, भिंतीच्या कडेने दारापर्यंत नेला आणि जिथे व्हॉल्व्ह गळतो तिथे थांबले. त्या जागी फी भरायला आलेली तीन माणसं उभी होती.

"नळी!" मी ओरडले.

रेंजवर एवढा एकच शब्द पुरतो. साती लेनवर बंदुका टेबलावर गेल्या, बोटं चापावरून निघाली, तिघं फी विसरून जिन्याकडे सरकली. वर पुण्याहवाचन चाललं होतं, तेही म्हणे क्षणभर थांबलं. सेक्रेटरी मात्र शांत होते. मला समजावण्याच्या सुरात म्हणाले, "अहो वहिनी, रिकामं आहे ते."

या वाक्याची मला फुग्यांपेक्षाही जास्त भीती वाटते. बंदूक साफ करताना झालेल्या अपघाताची बातमी पेपरात येते तेव्हा ती बंदूकही रिकामीच असते. म्हणून रेंजवर रिकामी बंदूक ही वस्तूच अस्तित्वात नाही. प्रत्येक बंदूक भरलेली समजायची, आत्ता स्वतःच्या डोळ्यांनी बघितली असली तरी समजायची. नळी फक्त समोरच्या भिंतीकडे. बोट चापाच्या बाहेर, कडीच्या वर, नेम धरेपर्यंत. आणि आपला छर्रा कागद फाडून पुढे कुठे जाणार हे आधी माहीत हवं. घराच्या गच्चीवर डबा ठेवून सराव करणाऱ्यांना हे शेवटचं कलम कधीच पटत नाही, कारण डब्याच्या मागे शेजाऱ्यांची खिडकी आहे हे त्यांच्या लेखी शेजाऱ्यांचं दुर्दैव असतं.

हे सगळं मी पहिल्या दिवशी सांगते. सगळे "हो" म्हणतात. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. एअर रायफलचं तंत्रही अगदी हेच असल्यामुळे मला तक्रारही करता येत नाही.

सेक्रेटरींसाठी शेवटी एक पद्धत घालून दिली. बोलायचं असेल तर अवश्य बोला. फक्त आधी छर्रा भरायचा खटका उघडा करायचा, नळीतून नारिंगी दोरी ओवायची, पिस्तूल टेबलावर ठेवायचं, नळी समोर आहे ना ते बघायचं, रेघेच्या मागे दोन पावलं यायचं आणि मग टाकीबद्दल बोलायचं. ही दोरी म्हणजे सेफ्टी फ्लॅग; नळीच्या दोन्ही टोकांतून ती बाहेर दिसली की आत काही नाही याची लांबूनही खात्री पटते. सेक्रेटरींनी पहिल्या रविवारी हे सगळे सोपस्कार चारदा केले, दुसऱ्या रविवारी दोनदा. नंतर नंतर एवढं सगळं करून सांगावं असं त्यांच्यापाशी काही उरेना. आता ते तासभर एक शब्द न बोलता उभे राहतात आणि त्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावर छर्ऱ्यांची भोकं एका जागी पडणं, आमच्या क्लबात नाव घेण्याजोगा झाला आहे. त्यांच्या पत्नी मला परवा जिन्यात भेटल्या आणि हात हातात घेऊन म्हणाल्या, "क्लबची फी वाढवा हवी तर."

वळण्यानंतरचा दुसरा मोठा अडथळा म्हणजे अर्जुन.

नेम म्हटलं की मराठी माणसाला झाडावरचा पोपट आठवतो. द्रोणाचार्यांनी विचारलं, काय दिसतं. अर्जुन म्हणाला, फक्त डोळा. आमच्याकडे येणारे वडील ही गोष्ट मुलाला रिक्षातच सांगून आणतात. आणि मला पहिल्याच तासाला त्या मुलाला सांगावं लागतं की बाळा, डोळ्याकडे बघू नकोस. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावरचं स्पष्ट पाहू शकतो. इथे तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात: पिस्तुलाची मागची खाच, पुढची फ्रंट साइट आणि दहा मीटरवरचा काळा गोल. यातली फ्रंट साइट स्वच्छ दिसली पाहिजे. गोल धूसर दिसला तरी चालतो, किंबहुना दिसायलाच हवा. कारण साइट एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर कागदावर जवळजवळ तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. पोपटाच्या डोळ्यात गुंतलेल्या अर्जुनाने आमच्याकडे सहा-सात गुणांच्या वर काही केलं नसतं. खेळाडूला अर्जुन पुरस्कार आणि प्रशिक्षकाला द्रोणाचार्य पुरस्कार देणाऱ्या देशात ही गोष्ट जरा जपून सांगावी लागते. एका वडिलांनी तर मला, "मॅडम, तुम्ही महाभारत नीट वाचलंय का?" असंही विचारलं.

रायफलचा कागद त्याहून अवघड. सगळा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा, आणि त्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. तो ठिपका दहा मीटरवरून कुणालाच दिसत नाही, ऑलिंपिकला जाणाऱ्यालाही नाही. पुढच्या साइटच्या कड्यात काळा गोल चारी बाजूंनी सारखा बसवायचा, की ठिपका आपोआप मध्यावर येतो. "म्हणजे जे दिसत नाही ते मारायचं?" असं एका सॉफ्टवेअरवाल्याने विचारलं होतं. हो म्हटल्यावर तो निर्धास्त झाला. म्हणाला, "मग जमेल. ऑफिसात टार्गेट असंच असतं."

डोळा मिटण्याचंही एक नाटक असतं. एक डोळा मिटताना निम्मं तोंड वाकडं होतं, मान कलते, आणि बाकीचे हसतात. खरं तर मिटायचा नसतोच. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चेहरा सैल राहतो. नको त्या डोळ्यापुढे पांढरट पट्टी लावतात. दुकानात ती मिळते, पण आमच्या पट्ट्या श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापलेल्या आहेत. झाकणाचं प्लॅस्टिक नेमकं हवं तेवढं धूसर असतं; उजेड आत येतो, चित्र येत नाही. कडा कात्रीने कापून पॉलिश पेपरने घासायच्या, वर दोन चिरा पाडून चश्म्याच्या दांडीत अडकवायच्या. एका पट्टीवर 'आम्रखंड' यातला 'खंड' अजून वाचता येतो.

गेम खेळून आलेल्या पोरांविषयी फार लिहीत नाही. ते पहिल्या शॉटनंतर टेबलामागे दडतात. प्रत्येक छर्रा हाताने भरावा लागतो हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरतो, आणि आवाज ऐकल्यावर तर पुरताच पडतो. एअर रायफल नुसती 'फट्' करते. दिवाळीतल्या टिकलीच्या पिस्तुलाचा आवाज याहून मोठा. आणि त्या 'फट्'साठीही मी त्यांना पहिला आठवडा ताटकळत ठेवते, कारण आधी ड्राय फायर असतं: छर्रा न भरता नेम धरायचा, चाप ओढायचा आणि काहीही न होता उभं राहायचं. पैसे भरून काहीच होत नाही, ही कल्पना पुणेकरांना पचवणं जड जातं. पण चाप झटक्यात न ओढता हळूहळू दाबायची सवय तिथेच लागते. श्वास अर्धा सोडून थांबायचं, सहा-आठ सेकंदांत शॉट गेला तर गेला, नाहीतर रायफल खाली घ्यायची आणि नव्याने सुरुवात करायची. नवखा माणूस खाली घेत नाही. जांभळा पडेपर्यंत श्वास कोंडून धरतो आणि "लागो एकदाचा" म्हणून ओढून टाकतो. सोडून देणं ही या खेळातली सगळ्यात उशिरा येणारी कला. साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटं मिळतात. घाई कशाचीच नसते. घाई घरून आणलेली असते.

आता आत्यांविषयी. माझ्या सासऱ्यांची बहीण, वाईच्या, सत्तरी ओलांडलेली. मुक्कामाला आल्या होत्या. सून दर रविवारी सकाळी 'बंदुकीला' जाते हे त्यांच्या कानावर होतं, यावेळी म्हणाल्या, "मी येते. बघू तरी काय चालतं." नऊवारी, चप्पल दाराबाहेर काढून, पदर खोचून त्या तळघरात उतरल्या. चप्पल मी पुन्हा घालायला लावली.

मी नियम सांगत होते. सगळे मान डोलावत होते, म्हणजे ऐकत नव्हते. सांगितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या बंदुकीला तर त्याला विचारल्याशिवाय मुळीच नाही. कुणी कागद बदलायला पुढे गेलं की बाकीच्यांनी आपापल्या बंदुकीपासून लांब उभं राहायचं, शिवायचंसुद्धा नाही. आत खायचं-प्यायचं नाही. झाल्यावर हात धुवायचे, मगच इतर कामं. आत्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सोवळंच की गं."

इतक्या वर्षांत हे नियम इतक्या लवकर कुणाला समजलेले मी पाहिले नव्हते. आत्यांचं सोवळं हा आमच्या घरात एकेकाळी दहशतीचा विषय होता. लग्नानंतर पहिल्या गणपतीत मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नुसती उभी होते, तर "तिथेच" असा आवाज आला होता. तोच आवाज आता रेंजवर घुमला. शेजारच्या लेनवरचा एक इंजिनिअर मुलगा 'स्टॉप'चा हुकूम झाल्यावर रायफलची पट्टी सारखी करायला गेला. "शिवू नकोस!" आत्या म्हणाल्या. त्याचा हात हवेतच राहिला. मी त्या दिवशी एकदाही "नळी" ओरडले नाही. गरजच पडली नाही.

मग त्यांना टेकूवर ठेवलेली रायफल दिली. उभं राहून चार-पाच किलो पेलणं त्यांना शक्य नव्हतं. नवख्यांना आणि वयस्कांना आम्ही स्टॅण्डवरच नळी टेकवून सुरुवात करायला देतो, म्हणजे वजनाशी झगडण्याऐवजी साइटकडे आणि चापाकडे लक्ष राहतं. छर्रा कसा धरायचा ते दाखवलं. डमरूच्या आकाराचा, मध्ये कंबर असलेला, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा ठोकळा. डोकं पुढे, पोकळ बाजू मागे. शिकलेसवरलेले लोक तो उलटा घालतात. आत्यांनी चिमटीत घेतला, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी तपासला, खाली पडला तर पुन्हा वापरायचा का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर "बरोबर," म्हणाल्या. खाली पडलेला छर्रा दबतो, वाकडा जातो. त्यांचं कारण वेगळं असावं.

पहिले काही शॉट कागदाच्या कोपऱ्यात गेले, पण एकाच कोपऱ्यात. शूटिंगमध्ये हीच खरी आनंदाची बातमी: भोकं एकत्र पडली की साइटच्या चकत्या फिरवून त्यांना मध्यावर आणता येतं; विखुरली तर देवही काही करू शकत नाही. मी चकत्या फिरवल्या. पुढचा आठात, त्यापुढचा नवात. आत्यांनी मागे वळून पाहिलं नाही. रायफल सोडली, दोरी ओवली, दोन पावलं मागे आल्या, आणि मगच माझ्याकडे तोंड करून विचारलं, "साबण कुठे आहे?"

सोवळ्यातली जाचक कलमं मला कधी पटली नाहीत, आजही नाहीत. कोण कुणाला शिवायचं नाही याचा जो भाग माणसांवर लावला गेला, त्याचा तर रागच येतो. पण तेवढीच शिस्त एका धातूच्या नळीपुरती वापरली, तर तिच्याइतकं उपयोगाचं काही नाही, असं माझं मत झालं आहे.

लोकांना वाटतं हौस म्हणून शूटिंग करणारी माणसं आक्रमक असतील. आमच्या क्लबात आक्रमक माणूस टिकतच नाही; नाडी वाढली की नळी नाचते आणि कागद त्याचा लगेच पंचनामा करतो. आमची शस्त्रपूजाही मवाळ असते. खंडेनवमीला सगळ्या रायफली दोऱ्या ओवून ओळीने मांडतो. हळदकुंकू रायफलच्या पेटीला लावायचं, नळीला नाही, अशी सूचना दरवर्षी फळ्यावर लिहितो, कारण एका उत्साही सभासदाने एकदा साइटच्या भोकात अक्षता वाहिल्या होत्या.

एक कायद्याचा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून सांगून टाकते. दहा मीटरसाठी लागणाऱ्या .१७७ एअर रायफलला, तिची ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर, आपल्याकडे परवाना लागत नाही; .२२ ला लागतो. परवाना नाही म्हणजे ती खेळणं आहे असा अर्थ काढू नका. सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास जाणारा छर्रा डोळ्याला काय करेल ते सांगायला नको. बसने नेताना ती पेटीत, कुलूप लावून. घरी छर्रे वेगळ्या कपाटात.

आणि खरेदीला धावू नका. मुलाने दोन रविवार रायफल धरली की काही पालक हप्त्यांवर परदेशी रायफल घ्यायला निघतात. चांगल्या मॅच रायफलची किंमत लाखांत जाते. निदान सहा महिने क्लबची वापरा. तोवर मुलाला गिटार आवडू लागेल अशी बरीच शक्यता असते. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात का, हे पहिल्या दिवशी विचारलंत तरी चालेल, मी रागावणार नाही. फक्त मुलासमोर विचारू नका.

कारण खरी अडचण मुलांची नसतेच. बारा वर्षांचं पोर नियम ऐकतं, दोरी ओवतं, गप्प उभं राहतं. त्याच्यामागे वडील उभे असतात. "थोडं उजवीकडे. अरे खाली. श्वास घे. सोड. सोड ना! मघाशी मी काय सांगितलं?" आणि मुलगा उत्तर द्यायला मागे वळतो, हातातल्या रायफलसकट. साती लेनवर त्या दिवसातली सगळ्यात धोकादायक गोष्ट कोणती, असं कुणी मला विचारलं तर मी त्या वाक्याकडे बोट दाखवीन.

तेव्हा मुलाला घेऊन जरूर या. मुलीला तर नक्कीच आणा. सपाट तळाचे बूट, अंगाला बसणारे कपडे, कपाळावर केस येऊ नयेत एवढं बघा. त्यांना दारात माझ्या ताब्यात द्या, आणि तुम्ही वर जाऊन चहा घ्या. मंगल कार्यालयात रविवारी चहाला कुणी नाही म्हणत नाही. वरपक्षाला वाटतं तुम्ही वधूपक्षाचे, वधूपक्षाला वाटतं वरपक्षाचे. तासाभराने खाली या. येताना जिन्यातल्या अक्षता सांभाळा.